शेतातून उठणारी फौज

याकुब रुझाल्स्की या पोलिश चित्रकाराच्या ‘1920+’ या चित्रमालिकेत एक दृश्य निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येते. पुढे शेत, कापणी चाललेली, बायका पेंढ्या बांधताहेत, पुरुष लांब दांड्याचे विळे फिरवताहेत. आणि मागे, धुरकट क्षितिजावर, घरांहून उंच लोखंडी यंत्रे पाय टाकत चालली आहेत. रंग सगळे जुन्या तैलचित्रांतले: ओल्या मातीचा तपकिरी, पिकल्या शेताचा मळकट सोनेरी, भरल्या आभाळाचा राखाडी. एकोणिसाव्या शतकात युझेफ हेवमोन्स्कीने पोलंडची शेते, घोडे आणि करकोचे ज्या मायेने रंगवले, तीच माया इथे आहे. यंत्र चित्रात शिरले, तरी चित्राने आपला सूर सोडलेला नाही.

या चित्रांच्या आधाराने जेमी स्टेगमायर या अमेरिकन रचनाकाराने ‘सायद’ हा पटखेळ बेतला आणि 2016 मध्ये स्टोनमायर गेम्सने तो बाजारात आणला. खेळाचे नावच त्या लांब दांड्याच्या विळ्यावरून आहे. काळ पहिल्या महायुद्धानंतरचा, पण आपण शिकलो त्या इतिहासातला नव्हे. युरोपच्या एका कोपऱ्यात मधोमध बंद पडलेला एक कारखाना आहे आणि भोवती पाच सत्ता दबा धरून बसल्या आहेत. त्यांतली पांढऱ्या सोंगट्यांची सत्ता म्हणजे पोलानिया, अर्थात रुझाल्स्कीच्या कल्पनेतले पोलंड. टेबलावर मांडायच्या काल्पनिक फौजा मी बरीच वर्षे पाहत, रंगवत आणि खेळवत आलो आहे. पोलानियाइतकी समजून-उमजून घडवलेली फौज मला क्वचितच भेटली. तिचा रस कुठे आहे ते आधी पाहू. मग तिच्या पुढची पायरी चढू: भुतेखेते आणि दंतकथा पदरी असलेली, इतिहासाच्या न घडलेल्या वाटेवरची पोलिश फौज लहान मिनिएचरच्या युद्धखेळासाठी बेतायची, तर ती कशी बेतावी?

भरताच्या रसविचारात अद्भुताचा उगम वीररसातून सांगितला आहे. पराक्रम इतका वाढतो की पाहणारा थक्क होतो. बहुतेक काल्पनिक फौजा याच रस्त्याने जातात. शूर शिपाई घ्यायचा, त्याला लांडग्याचे तोंड नाहीतर विजेची बंदूक द्यायची, की झाले अद्भुत. पोलंडच्या फौजेला ही वाट लागू पडत नाही. तिथे अद्भुत येते ते करुणातून. 1772, 1793 आणि 1795 अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने हा देश वाटून घेतला आणि पुढची 123 वर्षे युरोपच्या नकाशावर पोलंड नावाचे राज्यच नव्हते. उठाव झाले, चिरडले गेले. ज्या देशाला जिवंत सैन्य बाळगण्याची सोय नव्हती, त्याने मेलेले सैन्य सांभाळले: कवितेत, नाटकात, आजीच्या गोष्टीत, डोंगराच्या पोटात. म्हणून पोलिश फौजेत भूत आले की ते कुठून आले, हे विचारता आले पाहिजे. उत्तर देता येत नसेल, तर ती नुसती रंगसंगती झाली.

पोलानियाच्या मुख्य मिनिएचरपासून सुरुवात करू. तिथे सेनापती नाही, सरदार नाही. आना नावाची बंदूकधारी तरुणी आहे आणि तिच्या शेजारी वोइतेक नावाचे अस्वल. इतर सत्तांच्या नायकांजवळही प्राणी आहेत, त्यामुळे हा खेळाचा संकेत म्हणून सोडून देता येईल. पण वोइतेक खराच होता. 1939 मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी पोलंड पुन्हा वाटून घेतल्यावर पूर्वेकडच्या लाखो पोलिश नागरिकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले गेले. 1941 मध्ये हिटलरने रशियावर चाल केली, तेव्हा त्यांच्या सुटकेचे दार किलकिले झाले. जनरल आन्देर्स यांनी त्या उपाशी, आजारी माणसांमधून सैन्य उभे केले आणि 1942 मध्ये ते कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. तिथे त्यांना अस्वलाचे एक पोरके पिल्लू मिळाले. ते सैनिकांबरोबर वाढले. 1944 मध्ये इजिप्तहून इटलीला निघताना जहाजावर प्राणी चालणार नाहीत म्हटल्यावर त्याची रीतसर शिपाई म्हणून भरती झाली. मोंते कासिनोच्या लढाईत त्याने दारूगोळ्याच्या पेट्या वाहिल्या अशी हकिकत आहे, आणि तोफगोळा उचलून नेणारे अस्वल हे त्याच्या 22व्या तोफखाना-पुरवठा कंपनीचे बोधचिन्ह झाले. युद्ध संपल्यावर कंपनीतले कित्येक जण मायदेशी परतू शकले नाहीत. अस्वलही परतले नाही. एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात 1963 मध्ये ते गेले.

इराणच्या त्या किनाऱ्यावरून आणखी एक वाट फुटली, ती थेट आपल्याकडे आली. सैनिक पश्चिमेला गेले. बरोबरच्या बायकामुलांतल्या काही हजारांना हिंदुस्थानात आसरा मिळाला. त्यांतले सुमारे 5,000 जण 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्या छावणीची आठवण जागवणारे स्मारक आज वॉर्सात उभे आहे. वळिवड्यात वाढलेली पोरे आणि वोइतेकला खांद्यावर घेणारे शिपाई एकाच तांड्यातले होते. हे माहीत असलेल्या मराठी माणसाला आनाच्या शेजारचे अस्वल गंमत म्हणून पाहता येणार नाही. रुझाल्स्कीने त्याला वीसेक वर्षे मागे, 1920 च्या जगात नेऊन उभे केले. न घडलेल्या इतिहासाचा यापेक्षा हळुवार उपयोग मला ठाऊक नाही. ज्याला घरी परतता आले नाही, त्याला चित्रकाराने घरच्या शेतात जन्माला घातले.

आता नियम पाहू. युद्धखेळाचे रसग्रहण नियमांना वगळून होत नाही, कारण नियम म्हणजे या कलेचा छंद. अर्थ त्याच्या मात्रांत बसतो. ‘सायद’मध्ये प्रत्येक सत्ता ठरावीक बळ आणि लढाईचे ठरावीक पत्ते घेऊन सुरुवात करते. क्रिमियाकडे बळ 5, नॉर्डिककडे 4, रुसव्हिएतकडे 3. पोलानियाकडे फक्त 2, आणि हाती 3 पत्ते. म्हणजे देश दुबळा, पण डोक्यात डाव आहेत. पोलानियाचा खास गुण लढाईतला नाहीच. वाटेत भेटणाऱ्या प्रसंगांचे पत्ते इतर सत्तांना एकच पर्याय निवडू देतात, आना दोन निवडू शकते. त्या प्रत्येक पत्त्यावर रुझाल्स्कीचे एक चित्र असते: खेडूत, पोरे, जनावरे, मोडकी यंत्रे. इतर सत्ता तिथून जातात, पोलानिया तिथे थांबते आणि माणसांशी बोलते. जमीन आपली असल्याची खूण याहून नेमकी कशी दाखवावी?

तिच्या यंत्रांच्या अंगचे दोन गुणही पाहण्यासारखे आहेत. एक, ती तळ्यात उतरून दुसऱ्या कोणत्याही तळ्यातून वर येऊ शकतात. पोलंडच्या ईशान्येला मझुरियाचा हजारो तळ्यांचा मुलूख आहे. पाणी तिथे अडसर नसून चोरवाट आहे. दोन, शत्रूच्या कामकऱ्यांना लढाईत हुसकावल्यावर इतरांची लोकप्रियता घटते, पोलानियाची घटत नाही. या खेळात लोकप्रियतेला मोल आहे. शेवटच्या हिशेबात मिळवलेल्या एकेका ताऱ्याची किंमत 3, 4 की 5, हे तीच ठरवते. आपल्या मातीसाठी लढणाऱ्याला लोक दोष देत नाहीत, एवढे मोठे विधान रचनाकाराने एका छोट्या सवलतीत बसवले आहे. ते मान्य करायचे की नाही, हा वाचकाचा प्रश्न. पण नियम काहीतरी म्हणतो आहे, आणि जे म्हणतो ते चित्रांशी जुळते.

‘सायद’ इथे थांबतो. त्याचे अद्भुत लोखंडाचे आहे, त्यात प्रेतात्मे नाहीत. पुढची फौज आपल्याला बेतायची आहे, आणि तिच्यासाठी 1920 हेच वर्ष मी निवडीन. त्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत सेनापती तुखाचेव्स्कीचे लाल सैन्य वॉर्साच्या वेशीवर आले होते. युरोपात पोलंड पडल्याची बातमी येईल अशीच धारणा होती. पोलंडचा सरसेनापती पिल्सुद्स्कीने 16 ऑगस्टला दक्षिणेकडून, व्येप्श नदीच्या बाजूने प्रतिहल्ला केला आणि लाल सैन्याची फळी कोसळली. पोलंडमध्ये या विजयाला ‘विस्तुलेवरचा चमत्कार’ म्हणतात. आदला दिवस, 15 ऑगस्ट, हा मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण. लढाईच्या धुरात ती आभाळात दिसली, असे सांगणारे लोक होते. म्हणजे इतिहासाने आपणहून अर्धे काम करून ठेवले आहे. रचनाकाराने फक्त असे धरायचे, की त्या लोकांनी जे पाहिले ते खरेच होते.

आणि त्या सैन्याचे रूप! 1918 पर्यंत पोलिश तरुण तीन सम्राटांच्या फौजांत विखुरलेले होते, कित्येकदा एकमेकांसमोर उभे. स्वतंत्र देशाचे सैन्य त्यांच्यातूनच जुळवले गेले. कुणाच्या डोक्यावर जर्मन पोलादी शिरस्त्राण, कुणाच्या अंगावर ऑस्ट्रियन कोट, कुणाजवळ रशियन रायफल, आणि जनरल हालेर यांच्याबरोबर फ्रान्सहून आलेली पलटण निळ्या फ्रेंच गणवेशात, सोबत रेनॉचे चिमुकले रणगाडे. मिनिएचर जमवणाऱ्याला ही पर्वणी आहे, कारण वेगवेगळ्या संचांतले धड, हात आणि डोकी जोडून केलेली पलटण इथे इतिहासाला धरूनच होते. त्या सगळ्यांना एका देशाचे करणारी वस्तू एकच: चौकोनी माथ्याची टोपी, ‘रोगातिव्का’. 28 मिलिमीटरच्या बाहुलीवर चेहरा दोन हातांवरून दिसत नाही, त्या टोपीचे टोक मात्र दिसते. तिच्या पट्टीला गडद किरमिजी रंगाची एक रेघ ओढली, की कोट कुठल्याही बादशहाचा असो, शिपाई पोलंडचा झाला.

याच युद्धात मेरियन कूपर या अमेरिकन वैमानिकाने आणि त्याच्या मित्रांनी पोलंडसाठी ‘कोश्चुश्को’ हवाई पथक उभारले. त्यांच्या विमानांवरचे बोधचिन्ह म्हणजे ती लाल टोपी आणि तिच्यामागे फुलीसारखे दोन युद्धविळे. पुढे 1940 मध्ये ब्रिटनच्या आकाशात लढलेल्या 303 क्रमांकाच्या पोलिश पथकाने हेच चिन्ह लावले. आणि कूपर? त्याने पुढे 1933 चा ‘किंग काँग’ केला. आभाळातून राक्षसावर गोळ्या झाडणारी ती विमाने ज्याच्या कल्पनेतून आली, तो माणूस या युद्धात पोलंडसाठी लढलेला वैमानिक होता. अशा फौजेला विमानाचा एक नमुना दिला, तर त्याच्यापुढे महाकाय प्राणी उभा करण्याचा हक्क रचनाकाराला आपसूक मिळतो.

आता भुतांकडे वळू. माझ्या आराखड्यात एक नियम सगळ्यांवर आहे: मेलेले मदतीला येतात, पण उशिरा येतात आणि किंमत घेऊन जातात. सामर्थ्याचा फुकट साठा म्हणून त्यांना वापरले, की करुण हरवतो आणि त्याच्याबरोबर अद्भुतही.

पहिले पथक पंखवाल्या हुसारांचे. सोळाव्या-सतराव्या शतकांतले हे जड घोडदळ. लाकडी चौकटीत पिसे बसवलेले पंख, पाच मीटरच्या आसपास लांबीचा भाला. 1605 मध्ये किर्खोल्मला हेटमन, म्हणजे सेनापती, होद्केविचच्या सुमारे 3,600 जणांनी जवळपास 11,000 स्वीडिश सैनिकांचा धुव्वा उडवला, तो यांच्या बळावर. 1683 मध्ये व्हिएन्नाचा वेढा फोडणाऱ्या यान सोबिएस्कीच्या सैन्यातही ते होते. प्रत्येक पोलिश काल्पनिक फौजेत हे असतात आणि बहुधा नुसते सजावटीला असतात. त्यांच्या भाल्याकडे नीट पाहिले तर नियम तिथेच सापडतो. तो भाला वजन कमी ठेवण्यासाठी आतून पोकळ केलेला असे आणि पहिल्या धडकेत मोडत असे. म्हणून माझे प्रेतहुसार एका डावात एकदाच धडक देतात. धडक भयंकर असते, तिच्यापुढे काही टिकू नये. त्यानंतर ते टेबलावरून जातात आणि परत येत नाहीत. खेळणाऱ्याला तो एक क्षण ओळखावा लागतो, आणि त्याचे सगळे डावपेच त्या क्षणाभोवती फिरतात.

दुसरे पथक विळेवाल्या शेतकऱ्यांचे, पोलिशमध्ये ‘कोसिन्येझी’. 4 एप्रिल 1794 ला रात्सवावित्से इथे उठावाचा नेता कोश्चुश्को याच्या सैन्यात हे शेतकरी होते. विळ्याचे पाते दांड्याला सरळ उभे ठोकले की त्याचा भाला होतो. त्यांनी रशियन तोफांवर चाल केली, आणि बार्तोश ग्वोवात्स्की नावाच्या शेतकऱ्याने पेटती वात आपल्या टोपीने विझवली अशी कथा आहे. पुढे शंभर वर्षांनी या लढाईचे सुमारे 15 मीटर उंच आणि शंभराहून अधिक मीटर लांब गोलाकार चित्र झाले, ते आज व्रोत्सवाफमध्ये आहे. हे पथक मी जिवंत ठेवतो. त्यांना बंदूक देत नाही. एकच सवलत देतो: तोफेला भिडले तर ती एका खेळीपुरती मुकी होते. टोपीने विझवलेल्या वातीला एवढा मान हवाच.

यांच्या शेतात तिसरी येते ती ‘पोवुद्नीत्सा’, भर दुपारी राय धान्याच्या पिकात हिंडणारी पांढऱ्या वस्त्रांतली बाई. टळटळीत उन्हात जो काम थांबवत नाही, त्याला ती गाठते, प्रश्न विचारते, वेड लावते नाहीतर मारते. जगभरची भुते रात्री निघतात, ही बारा वाजता निघते; रुझाल्स्कीच्या उन्हातल्या शेतांशी तिचे नाते आपोआप जुळते. डावाच्या मधल्या खेळीत ती जागी होते आणि उभ्या पिकात असलेल्या प्रत्येकाला त्रास देते, मग तो शत्रू असो की आपला. ती झेंड्याची नाही, शेताची आहे. एका सैन्यात असा एक घटक असावा जो सेनापतीचे ऐकत नाही. त्याने टेबलावर धाक राहतो.

चौथे आहे ते पथक नाही, आरसा आहे. त्वार्दोव्स्की हा क्राकूवचा मांत्रिक, सैतानाशी करार केलेला. राजा झिग्मुंट आउगुस्त याची लाडकी राणी बार्बारा 1551 मध्ये वारली, तेव्हा शोकात बुडालेल्या राजाला या मांत्रिकाने आरशात तिची छाया दाखवली, अशी दंतकथा आहे. त्याचा म्हणून सांगितला जाणारा धातूचा आरसा व्हेंग्रूव गावच्या चर्चमध्ये आहे. खेळात हा आरसा मारले गेलेले एक पथक एका खेळीपुरते परत आणतो. ते हलते, शत्रूची वाट अडवते, पण वार करू शकत नाही. राजालाही राणी दिसली, मिळाली नाही. एवढे बंधन घातल्यावर तो आरसा जादूचे हत्यार राहत नाही, शोकाची वस्तू होतो.

पाचवे सगळ्यांत नाजूक. 1901 मध्ये क्राकूवला स्तानिस्वाव विस्प्यान्स्कीचे ‘वेसेले’ हे लग्नघरातले नाटक आले. त्यात रात्री भूतकाळातले आत्मे पाहुण्यांना भेटतात. उठावाची हाक देणारे सोन्याचे शिंग यासेक नावाच्या तरुणाच्या हाती येते, आणि मोरपिसांची टोपी पडली म्हणून तो ती उचलायला वाकतो तेव्हा शिंग हरवते. गावकरी विळे घेऊन जमलेले असतात, पण हाक येत नाही. गुलाबाच्या झुडपाला थंडीसाठी गुंडाळलेला पेंढा, तो ‘होहोव’, माणसासारखा उभा राहून सारंगी धरतो आणि सगळे झोपेत नाचत राहतात. पोलंडच्या दुःखाचे एवढे कडवे चित्र पोलिश माणसानेच काढावे, यात त्या साहित्याची उंची आहे. माझ्या फौजेच्या मध्यावर हेच नाटक आहे. सेनापतीजवळ शिंगाची सोंगटी असते. तात्रा पर्वतातल्या ग्येव्होंत शिखराखाली झोपलेल्या शूरवीरांची दंतकथा आहे. शेवटच्या खेळीत शिंग वाजले, तरच ते उठतात. पण शिंग जवळ असताना सेनापतीने टेबलावरची दुसरी कोणतीही वस्तू उचलली, मग ती कितीही मोलाची असो, तर शिंग हरवते. शूरवीर पेटीतच राहतात, आणि होहोव मैदानात येऊन जवळच्या तुकड्यांना जागीच खिळवतो. डावभर खेळणाऱ्यापुढे मोरपिसांची टोपी पडलेली असते. ती न उचलणे, एवढीच त्याची परीक्षा.

सहावे पथक खऱ्या इतिहासातले, आणि सगळ्यांत चमत्कारिक. 1920 च्या युद्धात यान कोवालेव्स्की नावाच्या अधिकाऱ्याने लाल सैन्याचे गुप्त संदेश फोडले, आणि त्याच्या मदतीला वात्सवाव शेर्पिन्स्कीसारखे गणिती होते. वॉर्साच्या लढाईत पोलिश रेडिओने सोव्हिएतांच्या चौथ्या सैन्याच्या लहरीवर बायबलातले उतारे अखंड पाठवत राहून त्यांना हुकूम ऐकू येऊ दिले नाहीत, अशी हकिकत नोंदवली गेली आहे. एका बाजूला गणित, दुसऱ्या बाजूला उत्पत्तीचे पुस्तक, आणि मधे एक खांब व तार. या पथकाला अलौकिक सामर्थ्य चिकटवण्याची गरजच नाही. रेडिओची गाडी टेबलाच्या कडेला उभी करावी, तिच्या टप्प्यातल्या शत्रूतुकड्यांना एक खेळी हुकूम मिळू नये, आणि हे ज्ञानाचे काम की श्रद्धेचे, ते खेळणाऱ्यांना ठरवू द्यावे.

काय घेऊ नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. भाला घेऊन रणगाड्यावर धावणारा पोलिश घोडेस्वार हे दृश्य कितीही आकर्षक वाटले, तरी ते घेऊ नये. 1 सप्टेंबर 1939 ला क्रोयान्तीजवळ उलान घोडेस्वारांनी जर्मन पायदळावर हल्ला केला आणि नंतर चिलखती गाड्यांच्या माऱ्यात सापडले. त्यावरून रणगाड्यांवरच्या वेडपट हल्ल्याची गोष्ट जर्मन प्रचाराने जगभर पसरवली. ती खेळात आणणे म्हणजे शत्रूने केलेली बदनामी हौसेने रंगवणे होय. तसेच नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्यांचे आत्मे गुणांच्या हिशेबात बसवू नयेत. नाटकातला यासेक आणि दंतकथेतला त्वार्दोव्स्की आपल्याला खेळायला मिळतात, कारण शतकांनी त्यांना तसे घडवले आहे. त्या मेलेल्यांवर असा हक्क कुणाचाच नाही.

आणि काय विसरू नये? जुने पोलिश राज्य एका भाषेचे, एका धर्माचे नव्हते. लिप्का तातार मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घोडदळात लढले. 1794 च्या उठावात बेरेक योसेलेविच याने ज्यू घोडदळाची तुकडी उभारली. हेवम गावच्या रब्बी एलियाने मातीचा गोलेम घडवला, ही आख्यायिका प्रागच्या प्रसिद्ध गोलेमकथेच्याही आधी नोंदली गेली होती. या सगळ्यांशिवाय बेतलेली पोलिश फौज इतिहासाने गरीब होईल. माझ्या यादीत चंद्रकोरीच्या निशाणाची तातार तुकडी आहे आणि गोलेमही आहे. गोलेमला मी एकच काम देतो: ठरवून दिलेले एक घर राखायचे. तो पुढे चाल करत नाही. ज्या समाजाने त्याची कथा सांगितली, त्याला त्याच्याकडून हवे होते ते संरक्षण.

फौज रंगवताना हा सगळा विचार हातात उतरावा लागतो. प्रेतहुसारांना लोक फिकट हिरवा चमकता रंग देतात, ती सवय इथे टाळावी. काळ्याऐवजी तपकिरी प्रायमर द्यावा. चिलखतावर मळकट रुपेरी रंगाचा ड्रायब्रश इतका हलका फिरवावा, की फक्त कडा उजळतील. पंखांच्या चौकटीला जुन्या लाकडाचा करडा द्यावा. पिसांच्या मुळाशी पातळ तपकिरी वॉश सोडून टोके जवळजवळ पांढरी ठेवावी. घोड्याचे खूर बेसवरच्या मातीत मिसळून जावेत, म्हणजे तो जमिनीतून अजून पुरता वर आलेला नाही असे वाटते. कापलेल्या शेताचे खुंट करायला काथ्याच्या पायपुसण्याचे धागे उत्तम. बाहुलीच्या टाचेएवढे तुकडे कापून ओळीने चिकटवावेत आणि वर धुळीचा रंग झटकावा. शेतकऱ्याच्या बेसवर खुंट, हुसाराच्या बेसवर खुंट, होहोवच्या पायाशीही तेच. वेगवेगळ्या शतकांतली ही माणसे एका शेतातली आहेत, हे त्या काथ्याने सांगितले पाहिजे.

अशा फौजेचे यश कशात मोजावे? वॉर्साच्या विजयाने पोलंडला 1939 पर्यंतचा अवधी मिळाला, एवढाच. हे माहीत असूनही त्या ऑगस्टची लढाई पुन्हा मांडावीशी वाटते, कारण तिच्यात देशाने आपले सगळे मेलेले एकदाच हाकारले आणि ते आले. ती हाक नियमांतून ऐकू आली पाहिजे. समोरच्या खेळणाऱ्याने हरताना किंवा जिंकताना विचारले पाहिजे, की हा हुसार एकदाच का धावतो, आरशातली तुकडी वार का करत नाही, त्या टोपीला हात लावायला तुम्ही का घाबरलात. त्याने विचारले, तर फौज जमली. म्हणून अशी फौज बेतणाऱ्याला माझे सांगणे आहे: त्या देशाने जिंकलेल्या लढायांची यादी करा, तिच्यातून गणवेश, निशाणे आणि घोडे मिळतील. मग हरलेल्या लढायांची यादी करा, आणि दुसरी यादी पहिलीपेक्षा जास्त वेळ वाचा. भुते तिथे भेटतील, आणि त्यांनी किती गुणांना यायचे तेही त्यांच्याकडूनच कळेल.